पडायचं काम पोत्याकडे

गादीच्या दुकानात त्याला सगळे धडाम म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं एक नाव त्यालाही होतं, पण ते आता दोनच ठिकाणी उरलं होतं: हॉस्पिटलच्या फायलीवर, आणि बायको फार चिडली की तिच्या तोंडात. धडाम हे नाव मात्र त्यानं स्वतः कमावलं होतं. गिऱ्हाईक आलं, की तो गादीकडे पाठ करून उभा राही, दोन्ही हात पसरी, डोळे मिटी आणि कापलेल्या झाडासारखा सरळ मागे पडे. गादीच्या दुसऱ्या टोकाला काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवलेला असे. धडाम पडे, ग्लासातला थेंब हलत नसे, गिऱ्हाइकाच्या बायकोचा हात छातीवर जाई आणि गिऱ्हाइकाचा खिशात.

दुकानात इतर विक्रेतेही येऊन गेले होते. ते स्प्रिंगविषयी, फोमविषयी, झोपेच्या शास्त्राविषयी बोलून गाद्या विकायचे. बोलणारे पुष्कळ मिळतात. मागे न बघता पडणारा मिळत नाही.

इतकी वर्षं असं दिवसभर पडून त्याला साधं खरचटलंही नव्हतं. पाठ गेली ती घरी, सुट्टीच्या दिवशी, पलंगाखालचा मोजा काढताना. मोजाही त्याचा नव्हता, सासऱ्यांचा होता. धडाम वाकला, मोजा हाताला लागला आणि तो तसाच राहिला. सासरे बराच वेळ कौतुकानं बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, दुसरा माझ्या पायात आहे. या आता वर."

पुढचं सगळं रीतसर झालं. सर्जननं फिल्म उजेडात धरली आणि मणक्यातली गादी सरकलीय म्हणून सांगितलं. गादीवाल्याचीच गादी सरकली, हा विनोद सर्जनला सुचला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुचला, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसालाही सुचला, आणि जगात तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय अशी प्रत्येकाची खात्री होती. धडाम दर वेळी हसला. हसलं की दुखायचं.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, विश्रांती झाली. फिजिओथेरपिस्टबाईंनी त्याला चाळिशीत पुन्हा झोपायला शिकवलं. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग कोपर टेकायचं, मग पाय वर घेत कुशीवर जायचं आणि मग लाकडाचा ओंडका लोळवावा तसं अख्खं अंग एकदम वळवायचं. उठताना हेच सगळं उलटं. सासऱ्यांना हा प्रकार पसंत नव्हता. "आमच्या वेळी लोकांना पाठ नव्हतीच," ते म्हणायचे. "मान संपली की थेट पाय."

कामावर परत जायच्या सकाळी बायकोनं त्याच्या कमरेला पट्टा आवळला. शर्ट वरून घातला, बटणं लावली आणि मागे सरून तो दिसतो का ते पाहिलं.

"दिसतोय?" त्यानं विचारलं.

"पट्टा नाही दिसत. तुम्ही मात्र फुलदाणीसारखे दिसताय." मग तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "अहो, एक ऐका. वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि पडायचं तर मुळीच नाही."

"पडणं हे माझं काम आहे."

"होतं. डॉक्टर काय म्हणाले? एकदा जरी पडलात तर पुन्हा फाडावं लागेल. तेव्हा पडलात तर तिथंच राहा. मी उचलायला येणार नाही. बाबाही येणार नाहीत."

"मी कशाला जाईन?" सासरे आतून म्हणाले. "मोज्याचं काय झालं ते बघितलंय मी."

त्या मोज्याच्या घटनेनंतर घरात एक लांब दांड्याचा चिमटा आला होता. सासरे आता त्यानं मोजे, चष्मा, रिमोट आणि प्रसंगी नातवंडांचे कान पकडत.

दुकानाच्या दारात शिरताच कॅशियरबाईंनी काउंटरमागून मान वर केली. "आलात? दात कसे आहेत?"

"कोणाचे?"

"तुमचे. ऑपरेशन झालं ना दाताचं?" त्यांनी दुकानात कोणी नसतानाही इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मालकांनी तसं सांगायला सांगितलंय. गादीच्या दुकानातल्या माणसाची पाठ गेली म्हटल्यावर इथं कोण पाऊल ठेवेल? तेव्हा दात. इथं पाठ हा शब्दच काढायचा नाही. परवा मी टेम्पोवाल्याला म्हटलं, माझ्या पाठोपाठ ये, तर मालक ओरडले."

"इतके महिने दात?"

"अक्कलदाढ आहे म्हणून सांगितलंय. लोकांना पटतं. तुमची उशिरा आली असणार असं सगळ्यांनाच वाटत होतं."

धडाम यावर काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात त्याची नजर दुकानाच्या मधोमध गेली. तिथं, त्याच्या नेहमीच्या जागी, सर्वांत महागड्या 'महाराणी' गादीच्या वर, छताच्या हुकाला लावलेल्या कप्पीतून एक दोर खाली आला होता, आणि दोराला एक पोतं टांगलेलं होतं. पोत्याला दुकानाचा निळा शर्ट घातला होता. शर्ट धडामचाच होता. खिशावर 'धडाम' लिहिलेला बिल्ला होता. पोत्याला हात नसल्यामुळे बाह्या रिकाम्या लोंबत होत्या, पण एकंदर उभं राहण्याची ऐट मान्य करण्यासारखी होती.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

"धाकटा," कॅशियरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती.

मालक त्यांच्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. ते उंचीनं कमी आणि उत्साहानं जास्त होते. त्यांनी धडामच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मध्येच आठवलं, आणि ती थाप पोत्याला मारली.

"कसा आहे? टेम्पोवाल्यानं वाळू भरून बरोबर तुझ्या वजनाचा केलाय. म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या वजनाचा. तू आता जरा उतरलायस." त्यांनी दोर सैल सोडला. पोतं धप्पकन महाराणीवर पडलं. ग्लासातलं पाणी जिथल्या तिथं. "बघितलंस? डोळे पण मिटावे लागत नाहीत. आहेत कुठं?"

"पण मालक, आता मी आलोय."

"पडशील?"

"डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळं सुरू करा."

"हळूहळू पडता येतं का?" मालकांनी खरोखर उत्तराची वाट पाहिली. "हे बघ, मी काही तुला काढून टाकत नाही. मागच्या खोलीत उशांना अभ्रे घालायचं काम पडलंय. बसून करायचं, सावलीत करायचं. ज्या दिवशी पडता येईल त्या दिवशी ये बाहेर, मी धाकट्याला स्वतः खाली उतरवीन. नाही जमलं, तर उशा आहेतच. रिटायर होईपर्यंत पुरतील."

मागची खोली म्हणजे बिनखिडकीची, छतापर्यंत उशांनी भरलेली एक जागा. तिथं बोललेला शब्द दोन हातांवर जाऊन मरायचा. धडाम खुर्चीत ताठ बसून एकेका उशीला अभ्रा घालू लागला. बाहेर थोड्या थोड्या वेळानं धप्प व्हायचं, आणि त्यामागून कोणीतरी "अरे वा" म्हणायचं. ते "अरे वा" त्याचं होतं. इतकी वर्षं तो त्यावर जगला होता. घरी त्याला कोणी अरे वा म्हणत नसे. शाळेत कोणी म्हटलं नव्हतं. लग्नात, त्यानं हार घातला तेव्हा, सासरे "बरं" म्हणाले होते. जगात एकच गोष्ट त्याला अशी येत होती की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद निघावी, आणि ती आता वाळू करत होती.

दुपारी जेवणं झाली. मालक काचेच्या खोलीत डोळे मिटून हिशेब करू लागले. कॅशियरबाई फोनवर बहिणीला तिच्या सासूविषयी सल्ला देत होत्या. टेम्पोवाला दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, काथ्याच्या एका जुन्या, फळीसारख्या गादीवर रोजच्यासारखा घोरत होता. ती गादी कोणी विकत घेत नसे, म्हणून ती त्याची झाली होती. चपला तिच्याखाली, वर्तमानपत्र तोंडावर.

धडाम उशांच्या खोलीतून बाहेर आला. त्यानं धाकट्याला दोरासकट बाजूला सरकवलं. ग्लास नीट ठेवला. महाराणीकडे पाठ केली. हात पसरले. डोळे मिटले.

काहीच झालं नाही. पूर्वी डोळे मिटले की पुढचं अंग आपलं आपण करायचं. आता अंगानं सभा भरवली होती. गुडघे म्हणाले आम्ही तयार आहोत. खांदे म्हणाले बघा बुवा. कमरेचा मणका एवढंच म्हणाला की मोजा आठवतो का. धडामनं बायकोचा चेहरा मनातून काढून टाकला, सर्जनचाही काढला. सासरे निघेनात, त्यांना तसंच राहू दिलं, आणि टाचांवर भार टाकला.

"हात का पसरलेत? उडणार आहात?"

त्यानं डोळे उघडले. समोर एक उंच, पिकल्या केसांच्या बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे त्यांची सून पर्स, पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा घेऊन. बाईंच्या आवाजानं मागच्या कोपऱ्यात काहीतरी कोसळलं. तो टेम्पोवाला होता. तो झोपेतच उठून दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिला होता.

"पी.टी.च्या बाई," तो धडामला तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला. "शाळेत होत्या मला. हलू नकोस."

"नाही बाई, उडत नाही," धडाम म्हणाला. "पडणार होतो."

"मग थांबा जरा. मी बसून घेते." त्या शेजारच्या पलंगाच्या कडेला बसल्या, म्हणजे आधी उभ्याच राहिल्या, मग एक हात मागे नेऊन पलंग चाचपला आणि पाठ अजिबात न वाकवता, लिफ्ट खाली यावी तशा खाली आल्या. धडामनं ते पाहिलं. असं बसणारा माणूस त्यानं फक्त एक पाहिला होता, आणि तो घरच्या आरशात.

आवाजानं मालक बाहेर धावले. "तो नको बाई, तो नको, त्याच्या दाताचं ऑपरेशन झालंय. आमचा धाकटा दाखवेल." त्यांनी पोतं जागेवर ओढून आणलं, वर चढवलं आणि सोडलं. धप्प. पाणी हललं नाही. मालक ग्लासाकडे असे बघत राहिले, की जणू तो पोटचा आहे.

"छान," पी.टी.च्या बाई म्हणाल्या. "पण पडायचं मला काय दाखवता? त्यात कसली आलीय कला? आमचे हे संध्याकाळी कामावरून आले की असेच पडायचे, कुठंही. आता त्याला उठवा."

"उठवू?"

"मला रात्री पडल्यावर सकाळी उठायचं असतं. तीच तर माझी अडचण आहे. उठून दाखवा."

मालकांनी दोर ओढला. शर्टाची कॉलर ताणली गेली, पोतं गादीवरून वर आलं, अधांतरी सावकाश गिरकी घेतली आणि सगळ्यांकडे पाठ करून थांबलं.

पी.टी.च्या बाईंनी छताकडे पाहिलं, कप्पीकडे पाहिलं. "म्हणजे रोज सकाळी मला असं टांगणार? आणि ओढणार कोण? ही?"

"माझी सकाळची शिफ्ट असते," सून घाईनं म्हणाली.

पोतं पुन्हा हललं आणि उरलेली अर्धी गिरकी पूर्ण करू लागलं. आणि मग धडामला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "बाई, उठायचं मी दाखवतो."

मालकांनी डोळे मोठे केले आणि बोटानं स्वतःच्या दाताकडे खूण केली. धडामनं तिकडे बघितलं नाही. तो महाराणीच्या कडेला बसला. कोपर टेकलं. पाय वर घेतले, कुशीवर गेला आणि ओंडका लोळावा तसा एकदम उताणा झाला. सगळ्याला इतका वेळ लागला की सुनेनं मध्ये पाणी पिऊन घेतलं.

"हे कुठं शिकलात?" पी.टी.च्या बाईंनी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरांकडे," मालक म्हणाले.

"आता उठा."

धडामनं उठायचं ठरवलं. पण महाराणी ही फार प्रेमळ गादी होती. ती माणसाला पोटात घ्यायची. इतकी वर्षं तो तिच्यावर पडला होता आणि पडल्याच्या धक्क्यानंच चेंडूसारखा वर आला होता. तिच्यावर नुसतं झोपून उठायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तो कुशीवर वळायला गेला तर गादी त्याच्याबरोबर वळली. कोपर टेकलं तर कोपर बुडालं. ग्लासातलं पाणी अजूनही हललं नव्हतं, आणि आता त्यात कौतुकासारखं काही राहिलं नव्हतं.

"आई गं," तो गादीतून म्हणाला.

"पाठीचं ऑपरेशन झालंय तुमचं," पी.टी.च्या बाई म्हणाल्या.

तो शब्द दुकानात उच्चारला गेला. कॅशियरबाईंनी बहिणीला "नंतर करते" म्हणून फोन ठेवला.

"दात," मालक क्षीण आवाजात म्हणाले.

"मग मूळ फार खोल गेलं असणार. शर्टाखाली पट्टा दिसतोय मला." त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात आपटला. खटक असा आवाज आला. "माझंही झालंय. ओळखू येतो आपला माणूस. लाज कसली त्यात? तुम्ही बाहेर येताय की तुमच्यासकट गादी बांधून देऊ म्हणतायत हे?"

"येत नाहीये बाहेर," धडाम म्हणाला. आणि त्याला वाटलं की आता लपवायला काही उरलंच नाही, तर खरं ते बोलून टाकावं. "बाई, ही घेऊ नका. पडायला ही स्वर्ग आहे. पण स्वर्गातून परत येता येत नाही."

मालक पोत्याला धरून उभे राहिले.

"ऐका," पी.टी.च्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज मैदानभर पसरला, म्हणजे मैदान असतं तर पसरला असता. "गुडघे दुमडा. डावीकडे वळ. पाय खाली सोड. कोपर. हात. ऊठ." धडाम उठला. टेम्पोवाल्यानंही सवयीनं गुडघे दुमडले आणि डावीकडे वळून भिंतीला धडकला. दोन्ही पायांवर उभा राहिलेल्या धडामकडे बघून सुनेच्या तोंडून नकळत निघालं, "अरे वा."

ते अगदी हळू होतं, पण धडामच्या कानांनी ते ओळखलं.

"आता पुढची गादी," पी.टी.च्या बाई म्हणाल्या.

त्या दुपारी धडाम दुकानातल्या एकूण एक गादीवर झोपला आणि एकूण एक गादीवरून उठला. बाईंना मापही आयतंच सापडलं होतं. महाराणीवरून उठताना लांबलचक 'आई गं' निघालं होतं. लॅटेक्सच्या गादीवर 'आई गं' आखूड झालं, पण मागून 'मेलो' आलं. दुहेरी स्प्रिंगवर नुसतं 'आई'. मऊ फोमवर त्यानं आई, आजी आणि सर्जन अशा तिघांची आठवण काढली. कॅशियरबाई काउंटर सोडून पलंगापलंगामागून फिरत होत्या आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून ऐकत होत्या. घट्ट फोमवर फक्त 'आ' निघालं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

शेवटी मागचा कोपरा राहिला. पी.टी.च्या बाईंनी त्या काथ्याच्या गादीकडे बोट केलं.

"ती विकायची नाहीये," टेम्पोवाला म्हणाला.

"नाक पुसून बोल."

त्यानं नाक पुसलं आणि वर्तमानपत्र उचललं. धडाम झोपला. ती गादी काही केल्या खाली जाईना, तिला माणसाविषयी काडीचंही प्रेम नव्हतं. तो वळला, पाय सोडले, कोपर रोवलं आणि उभा राहिला. सगळे वाट बघत होते. आवाज आलाच नाही. धडाम स्वतःही थोडा वेळ वाट बघत थांबला.

"हीच द्या," पी.टी.च्या बाई म्हणाल्या. "आणि आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपात सगळ्या माझ्यासारख्याच आहेत, कोणाचा मणका, कोणाचा खुबा. उद्या घेऊन येते त्यांना. त्यांना ते पोतं दाखवू नका, घाबरतील. यांना उठवा."

त्या गेल्या. टेम्पोवाल्यानं आपलीच गादी आपल्याच टेम्पोत चढवली. तिच्याखालून निघालेल्या चपला हातात धरून तो रिकाम्या पलंगाकडे असा बघत होता, की त्याला धीर द्यायचं कोणाला सुचलं नाही. मालक बराच वेळ काचेच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"असं करू. ज्यांना पडायचंय त्यांच्यासाठी धाकटा. ज्यांना उठायचंय त्यांच्यासाठी तू. अशी माणसं गावात पुष्कळ असतील, मला कधी सुचलंच नाही." मग म्हणाले, "काथ्याच्या आणखी मागवतो. आणि पाठ म्हणायला हरकत नाही आता. पण दिवसातून एक-दोनदाच."

"आणि उशा?"

"उशांचं बघू. टेम्पोवाल्याला आता झोपायला जागा नाही, तो करेल."

दुकान बंद करायच्या वेळी कॅशियरबाईंनी धडामचा बिल्ला पोत्यावरून काढून आणून दिला. त्यानं तो खिशाला लावला. शर्ट मात्र राहू दिला. धाकट्याचं अंग त्यात आता बसलं होतं. मग तो म्हणाला, "याला असं टांगून जाऊ नका. मणक्याला वाईट असतं."

टेम्पोवाल्यानं मालकांकडे पाहिलं, मालकांनी छताकडे पाहिलं. शेवटी दोघांनी मिळून पोतं खाली घेतलं आणि घट्ट फोमच्या गादीवर ठेवलं. धडामनं स्वतः हात लावला नाही, उचलायचं नव्हतं, पण कसं ठेवायचं ते सांगत राहिला. एका कुशीवर. गुडघ्यांच्या मध्ये उशी. गुडघे नव्हते, तरी जिथं असते तिथं त्यानं उशी ठेवायला लावली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही. "पडलात ना?"

"मी नाही. धाकटा पडला."

"कोण धाकटा?"

धडामनं गादीकडे पाहिलं. एक बाही कडेवरून खाली लोंबत होती. त्यानं ती वर घेण्यासाठी वाकायला सुरुवात केली, मध्येच थांबला, आणि पायाच्या अंगठ्यानं अलगद वर ढकलली.

"आहे एक दुकानात," तो म्हणाला. "नवीनच आहे. अंगात जोर आहे, पण उठता येत नाही अजून. बघतो, शिकला तर."

"बरं," बायको म्हणाली. "बाबा विचारतायत, येताना दुसरा चिमटा आणाल का? पहिला पलंगाखाली गेलाय."